तीन राजीनामे आणि १३८ दिवसांची वही

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, घरातली सगळी माणसे जेवून आडवी झालेली असताना मी स्वयंपाकघरात बसून नोकरीचा राजीनामा लिहिला. सांगलीतल्या एका करसल्लागारांच्या कार्यालयात मी अकरा वर्षे हिशेब पाहते. त्या दिवशी कार्यालय बंद होते, कोणाशी वाद झालेला नव्हता, कामाची घाईही नव्हती. तरीही आपण या कामाच्या, या घराच्या, खरे म्हणजे कशाच्याच लायकीच्या नाही, ही भावना इतकी घट्ट बसली होती की राजीनामा लिहिणे हीच प्रामाणिकपणाची गोष्ट वाटत होती. मजकूर ईमेलच्या मसुद्यांत ठेवायला गेले, तेव्हा तिथे असेच आणखी दोन राजीनामे सापडले: एक १२ जूनचा आणि दुसरा २९ ऑगस्टचा. शब्दही जवळजवळ तेच होते. दोन्ही मी लिहिले होते आणि आठवड्याभरात विसरूनही गेले होते.

चार दिवसांनी पाळी आली आणि मन असे मोकळे झाले की जणू कोणी खोलीची खिडकी उघडली. त्या सकाळी मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मागची पाने उलटली. पाळीच्या तारखेवर गोल करण्याची सवय मला शाळेपासून आहे. १५ जून, १ सप्टेंबर, १८ नोव्हेंबर. तिन्ही राजीनामे पाळीच्या तीन-चार दिवस आधीचे होते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. थायरॉइड ठीक होते, हिमोग्लोबिन मात्र १०.४ होते, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मला मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठवण्यात आले. मी कॅलेंडर आणि तिन्ही मसुदे घेऊन गेले. मला वाटले होते की एवढा पुरावा पुरेसा आहे. डॉक्टरांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही हिशेब तपासता ना? मग वर्षभरातल्या तीन पावत्या पाहून ताळेबंदावर सही कराल का? जे जुळले ते तुमच्या लक्षात राहिले. जे जुळले नाही, ते कुठे लिहिलेले आहे?”

त्यांनी पुढे जे समजावले, ते मी जवळपास त्यांच्याच शब्दांत देते. पाळीच्या आधी चिडचिड, रडू, अंग जड होणे असे काही ना काही बहुसंख्य स्त्रियांना जाणवते आणि तो आजार नव्हे. काही थोड्या स्त्रियांत मात्र हे इतके तीव्र होते की घर, काम आणि नाती यांत अडथळा येतो. त्याला प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पीएमडीडी म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात, डीएसएम-५ मध्ये, २०१३ साली त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे. अकरांपैकी किमान पाच लक्षणे पाळीच्या आधीच्या आठवड्यात असावी लागतात, पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती ओसरू लागावी लागतात आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळपास नाहीशी व्हावी लागतात. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण मुळात बाराही महिने असलेले नैराश्य किंवा चिंता पाळीच्या आधी वाढत असेल, तर तो वेगळा प्रश्न असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात. हा फरक आठवणीवरून करता येत नाही. त्यासाठी किमान दोन पाळीचक्रे, रोजच्या रोज, त्या त्या दिवशीच लिहावे लागते.

लिहिण्यासाठी त्यांनी एक तक्ता दिला. रोज रात्री एकेका लक्षणापुढे १ ते ६ यांपैकी एक आकडा लिहायचा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचे. तक्त्यातली वाक्ये इंग्रजीत होती. मी घरी येऊन दोनशे पानी वहीत ती माझ्या भाषेत उतरवली: चिडचिड, उगाच रडू येणे, जीव घाबरा होणे, कशातच गोडी नसणे, सगळे आवाक्याबाहेर गेल्यासारखे वाटणे, खा-खा सुटणे, झोप न लागणे किंवा न संपणे, अंग सुजल्यासारखे वाटणे. ‘आवाक्याबाहेर’ हा शब्द सापडायला मला दोन दिवस लागले, पण तो सापडल्यावर त्यापुढचा आकडा लिहिताना कधी अडखळायला झाले नाही.

यात यंत्राचा प्रवेश योगायोगाने झाला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, धाकट्या भावाने ओवाळणीत झोप मोजणारी अंगठी घातली होती. मी झोप लागत नसल्याचे त्याच्याजवळ अनेकदा बोलले होते, म्हणून. डॉक्टरांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी मनःस्थिती मोजण्यासाठी तिचा काडीचा उपयोग नाही असे स्पष्ट सांगितले. मात्र आपण चक्राच्या कोणत्या टप्प्यात आहोत हे कळायला ती मदत करील, कारण निव्वळ तारखा मोजून ते नेहमीच बरोबर कळत नाही, असेही त्या म्हणाल्या. एक अट त्यांनी घातली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली तीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती: रात्री वही लिहून होईपर्यंत अंगठीचे आकडे पाहायचे नाहीत. सकाळी उठल्याबरोबर ‘आज तुमची विश्रांती अपुरी’ असे फोनवर वाचले, की दिवसभर माणूस स्वतःला थकलेलाच समजतो, आणि मग यंत्राने मन मोजले की यंत्राने मन घडवले हे सांगता येत नाही. मी अ‍ॅपच्या सगळ्या सूचना बंद केल्या आणि आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, आकडे वहीच्या डाव्या पानावर उतरवू लागले. उजवे पान मनाचे होते.

ही अंगठी काय करते, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे आकडे कळायचे नाहीत. तिच्या आतल्या बाजूने बोटात प्रकाश सोडला जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त कमी-जास्त होते, परत येणारा प्रकाश त्यानुसार बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. दोन ठोक्यांमधले अंतर कधीच अगदी सारखे नसते. हा फरक मिलिसेकंदांत मोजतात, आणि शरीराला विसावा देणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर असतो तेव्हा तो साधारणपणे जास्त असतो. तिसरी गोष्ट बोटाच्या त्वचेचे तापमान. ते तापमापकासारखे अंशांत न दाखवता, तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर किंवा खाली, असे दाखवले जाते. दिवसा हात हलतात, पाण्यात जातात, कणकेत जातात. म्हणून मी ती रात्रीच घालत असे.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून चक्र मोजतात. पहिल्या भागात बीजकोषात स्त्रीबीज पक्व होते आणि इस्ट्रोजेन वाढत जाते; बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि त्यामुळे शरीराचे तापमान साधारण अर्ध्या अंशापर्यंत चढते, ते पाळी येईपर्यंत चढलेलेच राहते. नाडीही थोडी वाढते आणि ठोक्यांमधला तो फरक कमी होतो. माझ्याकडे हे मी नोंदवलेल्या पाचही चक्रांत दिसले: पूर्वार्धात रात्रीची नाडी सरासरी ६२, उत्तरार्धात ६५, ठोक्यांतला फरक ४१ मिलिसेकंदांवरून ३४ वर, तापमान ०.३ अंशाने वर. इतकी वर्षे ‘पाळी’ या एका शब्दात मी चार-पाच दिवसच मोजत होते. रक्तस्राव नसलेल्या बाकीच्या दिवसांतही शरीर एवढी मोठी उलाढाल करत असते, हे स्वतःच्या आकड्यांत पाहणे माझ्यासाठी फार वेगळे होते. सासूबाई एकदा शेजारी बसून वही पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसवायचे. पण त्याच्या आधीचे चार दिवस कसे जातात, हे मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही.” मी ते वाक्य वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवले आहे.

नोंदी ९ जानेवारी २०२४ ला, पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू झाल्या आणि २५ मे रोजी पाचवे चक्र संपून पुढची पाळी आली तेव्हा थांबल्या. एकूण १३८ दिवस. चक्रे २६, २७, २६, ३१ आणि २७ दिवसांची होती. अंगठी चार्ज करायची राहिल्याने किंवा ओट्यावर विसरल्याने अकरा रात्रींचे आकडे मिळाले नाहीत. वहीची मात्र एकही रात्र चुकली नाही, आणि याचे श्रेय मी माझ्या मुलीला देते, कारण दात घासताना ती मला रोज आठवण करत असे.

माझ्या व्यवसायामुळे एक गोष्ट फार उपयोगी पडली. आमच्या कामालाही महिन्याची लय असते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे १७ ते २० हे दिवस सर्वांचेच ओढाताणीचे असतात. ‘वीस तारीख जवळ आली की हिचा पारा चढतो’ असे कार्यालयात म्हटले जाई आणि मलाही ते पटलेले होते. पण माझे चक्र बहुधा २६-२७ दिवसांचे असल्याने ते कॅलेंडरच्या महिन्याच्या मागे सरकत राहते. दोन लयी काही महिने एकमेकींवर येतात आणि काही महिने दूर जातात. २० जानेवारीला मी रात्री दहापर्यंत कार्यालयात होते. तो चक्राचा बारावा दिवस होता आणि वहीत सगळीकडे १ आणि २ आहेत. खाली ‘दमले, पण सगळ्यांनी मिळून भजी मागवली, बरे वाटले’ अशी ओळ आहे. २० मे रोजी काम त्या मानाने हलके होते, सहा वाजता मी घरी होते. तो चक्राचा तेविसावा दिवस होता. चिडचिड ५, रडू ५, आवाक्याबाहेर ६. वीस तारीख दोन्हीकडे तीच होती. जानेवारीत मी भजी खात हसत होते, आणि मे महिन्यात न्हाणीघरात नळ सोडून रडत होते.

एप्रिलने मला तारखांवर विसंबण्यातला धोका दाखवला. मागची पाळी २८ मार्चला आली होती आणि अ‍ॅपने पुढची २४ एप्रिलला येणार असे सांगितले होते. मधे ४ ते ६ एप्रिल मला ताप आला. अ‍ॅपने त्या चढलेल्या तापमानावरून स्त्रीबीज बाहेर पडल्याचा निष्कर्ष काढला, जो साफ चुकीचा होता. खरी, टिकून राहणारी वाढ १५ एप्रिलपासून दिसू लागली आणि पाळी २८ तारखेला आली. आजारपणामुळे बीज बाहेर पडणे लांबू शकते. ते बाहेर पडल्यानंतरचा काळ मात्र एकाच स्त्रीत सहसा फारसा बदलत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. माझे वाईट दिवसही त्याप्रमाणे पुढे सरकले आणि २१ एप्रिलपासून सुरू झाले. केवळ तारखा धरल्या असत्या तर ते दिवस चक्राशी जुळत नाहीत असे वाटले असते. उन्हाळ्याचा त्रास वेगळाच होता: वीज गेली आणि पंखा बंद पडला की बोटाचे तापमान चढे. अशा रात्रींपुढे मी ‘वीज’ असे लिहीत असे, म्हणून नंतर त्या वेगळ्या काढता आल्या. ज्याने वही लिहिलेली नाही, त्याला नुसत्या आलेखावरून हे कधीच कळले नसते.

मे अखेरीस मी बेरजा केल्या. कोणत्याही मानसिक लक्षणापुढे ४ किंवा त्याहून मोठा आकडा असलेले दिवस ४१ होते. पाळीपूर्वीचे सात दिवस आणि पाळीचा पहिला दिवस असे आठ-आठ दिवस पाच वेळा धरले, म्हणजे ४० दिवस. त्यांत असे २९ दिवस होते. उरलेल्या ९८ दिवसांत १२. हे बारा दिवस मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण त्यांचा चक्राशी संबंध नव्हता. पाच तापाच्या आसपासचे होते. तीन फेब्रुवारीत आई पडली तेव्हाचे. चार असे होते की आदल्या रात्री माझी झोप पाच तासांहून कमी झाली होती. प्रत्येक उदास दिवसाचे खापर पाळीवर फोडणे हे सगळे स्वभावावर ढकलण्याइतकेच चुकीचे ठरले असते.

सर्वांत जास्त विचार करायला लावले ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याने. तो पाळीपूर्वीचा आठवडा होता. अंगठीचे आकडे इतर महिन्यांसारखेच: तापमान चढलेले, नाडी वाढलेली. पण मनाचे आकडे दोन दिवस वगळता ३ च्या वर गेले नाहीत. शरीराची तीच उलथापालथ, आणि मन मात्र बरेचसे स्थिर. मी डॉक्टरांना विचारले की मग हार्मोन तपासून पाहायचे का. त्या म्हणाल्या की त्यातून बहुधा काही निघणार नाही, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाबद्दल त्यांनी सांगितले. पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाने बीजकोषांचे काम तात्पुरते थांबवले, तेव्हा पाळीपूर्व त्रास असलेल्या अनेक स्त्रियांचा त्रास थांबला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिल्यावर तो पुन्हा सुरू झाला. पण ज्यांना मुळात असा त्रास नव्हता, त्यांना तेच हार्मोन त्याच प्रकारे देऊनही काही झाले नाही. म्हणजे हार्मोन कमी-जास्त नसतात, त्यांच्या नेहमीच्या चढउताराला मेंदूने दिलेला प्रतिसाद वेगळा असतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. ते एरवी मेंदूला शांत करते, पण काही स्त्रियांत त्याचा परिणाम उलटा होत असावा, असे संशोधक मानतात. अंगठीला हार्मोनचा पडसाद दिसतो, मेंदूचा प्रतिसाद दिसत नाही. माझ्या डाव्या आणि उजव्या पानांमधले अंतर म्हणजे तोच न दिसणारा भाग होता.

दोन गोष्टी लिहायला मला जड जाते, पण त्या वगळल्या तर हे कथन अपुरे राहील. मार्च आणि एप्रिलमध्ये मिळून तीन संध्याकाळी ‘संपून जावे’ असे मला वाटले होते आणि मी ते वहीत लिहिले होते. डॉक्टरांनी त्याबद्दल थेट, नजर न चुकवता विचारले आणि पुढे असे वाटल्यास भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायला सांगितले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही त्यांनी माझ्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये साठवायला लावला. हे विचार चार दिवसांत जातात हे ठाऊक असले, तरी त्या चार दिवसांत ते खरेच असतात.

दुसरी गोष्ट घरातली. नवऱ्याने मला न विचारता एका मित्राला मोठी रक्कम उसनी दिली, आणि मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, “तुझे ते दिवस जवळ आले असतील. बघ तुझ्या अंगठीत.” मी आत जाऊन खरोखरच पाहिले. चक्राचा नववा दिवस होता. पण तो पंचविसावा असता तरी माझी हरकत तेवढीच रास्त ठरली असती, हे मी त्याला त्याच रात्री सांगितले. तो गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. तेव्हापासून वही आणि आकडे माझ्या आणि डॉक्टरांच्या मध्ये राहतील, असे ठरले आहे. स्त्रीच्या शरीराची माहिती तिच्या म्हणण्याचे वजन कमी करायला वापरली जाणार असेल, तर ती माहिती न गोळा केलेली बरी, असे मला आजही वाटते. म्हणूनच ही माहिती साठवणारी कंपनी तिचे काय करते, हे अंगठी बोटात घालण्यापूर्वी वाचायला हवे होते. मी ते तीन महिन्यांनी वाचले आणि माहिती इतरांना देण्याची परवानगी काढून घेतली.

जूनमध्ये डॉक्टरांनी पीएमडीडीचे निदान निश्चित केले. नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातले एक औषध कमी मात्रेत सुरू झाले, तेही फक्त चक्राच्या उत्तरार्धात घ्यायचे. नैराश्यात या औषधांना काही आठवडे लागतात. या विकारात मात्र ती काही दिवसांतच काम करतात, म्हणून असे अधूनमधून घेणे चालते. कोणत्या दिवशी सुरू करायचे हे ठरवायला अंगठीचा खरा उपयोग झाला: तापमान सलग तीन रात्री चढलेले दिसले की चौथ्या दिवशी गोळी सुरू, आणि पाळी आली की बंद. चक्र लांबले तरी चूक होत नाही. पहिल्या महिन्यात मळमळ झाली. जुलैमधल्या पाळीपूर्वीच्या आठवड्यात ‘आवाक्याबाहेर’ या ओळीपुढे सर्वांत मोठा आकडा ३ होता, ऑगस्टमध्ये ४, सप्टेंबरमध्ये पुन्हा ३.

ऑक्टोबरपासून मी अंगठी फक्त चक्राच्या दहाव्या दिवसापासून तापमान चढेपर्यंत घालते. उरलेले दिवस ती कपाटात असते. वहीत आता चारच ओळी आहेत, आणि त्या रोज लिहिते. मात्रा बदलली की पुन्हा दोन चक्रे पूर्ण तक्ता भरायचा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून वहीच्या शेवटची तीस पाने मी आधीच आखून ठेवली आहेत.